हळू उतरणारा काटा

आमची गाडी जुनी, दुसऱ्या मालकाकडून घेतलेली. दार लावलं की तिचा आतला दिवा त्याच क्षणी विझायचा, आणि मग अंधारात किल्ली घालायचं भोक मला सापडायचं नाही. मी मोजून पाहिलं होतं. दार लावल्यापासून किल्ली फिरेपर्यंत आठ ते दहा सेकंद लागत. म्हणजे दिवा दहा सेकंद टिकला पाहिजे, आणि फटकन न जाता मंद होत गेला पाहिजे. एवढंच काम होतं.

लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी मोजमापाची उपकरणं तपासत असे. दाब दाखवणारी, तापमान दाखवणारी, वजन करणारी. उपकरण बरोबर दाखवत असेल तर त्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि खाली माझी सही. त्या सहीखाली चुकीचा काटा गेला नाही, याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

दिव्यासाठी लागलं ते थोडंच. एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, एक डायोड आणि दोन रेझिस्टर. कपॅसिटर ही विजेची छोटी टाकी समजा. दार लागलं की तिच्या हिशेबाने दिवा सावकाश उतरतो. पहिल्या रविवारी मी चूक केली. गाडीत दाराचं बटण दिव्याची तार थेट लोखंडी सांगाड्याला जोडतं. मी रेडिओ दुरुस्तीच्या सवयीने उलटं धरून चाललो, कपॅसिटर उलटा बसला आणि फुटला. गाडीत दोन दिवस जळका वास होता. बायको म्हणाली, “आधी नुसता दिवा नव्हता. आता नाक दाबून बी बसा लागते.”

तिसऱ्या रविवारी जमलं. थंडीतल्या सकाळी अकरा सेकंद, पुढे मे महिन्यात दुपारी चौदा. उन्हाने ट्रान्झिस्टर जास्त काम करतो, म्हणून हा तीन सेकंदांचा फरक. ते मी वहीत लिहून ठेवलं.

या दिव्याचं सगळ्यात जास्त कौतुक माझ्या मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला. दोन वर्षं घरी बसल्यावर त्याला आर्णीला एका कापूस व्यापाऱ्याकडे काम लागलं होतं. ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीने पीक खाल्लं होतं, सरकारी खरेदी उशिरा सुरू व्हायची, आणि तोवर लोक मिळेल त्या व्यापाऱ्याच्या दारात गाडी उभी करत. मेहुण्याच्या हातात अशा वेळी काम होतं, म्हणून सासरी सगळ्यांनाच हलकं वाटत होतं. मलाही.

त्याने गाडीत बसून सात वेळा दार उघडलं आणि लावलं.

“भाऊजी, जादू करून ठेवली तुमी.”

“जादू नाही. चारशे सत्तर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर.”

“तुमाले कोनी नमस्कार केला तं तुमी तो बी मोजून घ्यान.”

सेकंद कसे ठरवले, असं त्याने विचारलं. मी घरातलं काट्याचं जुनं मीटर आणलं आणि दिव्याला जोडून दाखवलं. दार उघडलं, काटा झटकन वर गेला. दार लावलं, काटा रेंगाळत खाली आला. तो दिव्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघत होता. हे मला तेव्हाच दिसलं होतं. त्याला शिकायची आवड आहे, असा अर्थ मी लावला.

दसरा झाल्यावर तो पुन्हा आला. म्हणाला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी तशीच चार सर्किटं करून द्या. लगेच वर जावं, सहा सेकंदांत खाली यावं. बल्ब मी लावतो.

“चार कशाला?”

“लोडशेडिंग किती हाय आमच्याकडे. एक आईच्या खाटेपाशी, एक देवघरात, एक न्हानीत. चौथं तुमच्या नावानं जिन्यात.”

बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, “द्या ना करून. किती इचारता.”

मी दोन रविवारांत चारही केली. प्रत्येकाचे सेकंद दहा-दहा वेळा मोजले. सहाहून थोडं कमी, सहाहून थोडं जास्त, याच्या पलीकडे एकही गेलं नाही. सासूबाई अंधारात धडपडू नयेत, म्हणून मी एवढी काळजी घेतली.

दिवाळीनंतर माझ्या मोठ्या भावाने कापूस आर्णीला नेला. मी सुट्टी काढून सोबत गेलो. मेहुण्याचाच व्यापारी गाठला, ओळखीचं ठिकाण म्हणून. रांगेत आमच्या पुढे तीन गाड्या होत्या. व्यापाऱ्याचा माणूस ओलावा मोजायचं यंत्र घेऊन फिरत होता. त्याच्या दोन सुया कापसात खुपसायच्या आणि काटा वाचायचा. ओलावा जास्त निघाला की भाव उतरतो. सुया खुपसण्याआधी तो त्या दर वेळी आपल्या तळहातात धरून पुसल्यासारखं करायचा. तळहात घामेजलेला होता.

आमच्या कापसात सुया जाताच तो ओरडला, “तेरा.”

“तेरा कसा येईन?” दादा म्हणाला. “चार दिवस उन्हात वाळवला ना बाबू.”

मी काट्याकडे बघत होतो. काटा तेरावर थांबलेला नव्हता. तो उतरत होता. बारा, अकरा. माणसाने सुया काढल्या. मी मनात मोजायला लागलो, आणि सहा म्हणेपर्यंत काटा तळाला टेकला होता. साध्या यंत्राचा काटा सुया काढताच पडतो. या यंत्रात माझं सर्किट होतं. ओल्या तळहाताचा आकडा ते धरून ठेवत होतं, आणि माणूस तो आकडा कापसाच्या नावावर वाचत होता.

मी म्हणालो, “परत घाल. आणि अर्धा मिनिट थांबून वाच.”

“टाइम नाई साहेब, मांगं लाइन हाय.”

“मी उभा आहे ना. घाल.”

त्याने घातल्या. अर्ध्या मिनिटाने काटा आठवर होता.

तेवढ्यात मेहुणा आतून आला, हातात आमच्यासाठी चहाचे दोन ग्लास. त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, “भाऊजी, याले मालूम नव्हतं तुमी आपले मानूस हाय. तुमच्या कापसाले नसतं लावलं आमी.”

तो खरोखर मला दिलासा देत होता.

सर्किटं दिल्यापासून तोवर चार यंत्रं, रोजच्या गाड्या, इतके दिवस. हा गुणाकार मी केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी समोरचा गुणाकार टाळला.

दादाने घाई केली. “आठ लिहिला ना त्यानं? चाल मंग.” मी गेलो नाही. मागच्या गाडीवाल्याला म्हटलं, अर्धा मिनिट थांबायला सांगा, मग वाचू द्या. त्याच्या मागच्यालाही तेच सांगितलं. आठव्या गाडीपर्यंत रांगेतले लोक स्वतःच सांगू लागले. मेहुणा फाटकापाशी उभा होता. मी बाहेर पडताना एवढंच म्हणाला, “मी तुमाले घरचं समजलो होतो, भाऊजी.”

मी बाजार समितीला लेखी दिलं. सर्किट मी बनवलं, हेही त्यात लिहिलं. व्यापाऱ्याने सगळा दोष मेहुण्यावर टाकला, त्याला कामावरून काढलं, नवी यंत्रं आणली आणि खरेदी चालू ठेवली.

अर्ज दिला त्याच दिवशी, जेवताना, मी बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिला नवल वाटत नव्हतं. मी थांबलो.

“तुला माहीत होतं?”

“मले मालूम होतं.”

“आणि तू मला सांगितलं नाहीस.”

“त्याचं काम जाणार होतं. मालकानं त्याले म्हटलं होतं, हे जमव नाई तं घरी बस. तुमाले सांगितलं असतं तं तुमी करून देल्लं असतं का?”

“नाही.”

“म्हनूनच नाई सांगितलं.”

मी तिचं उत्तर तपासून पाहिलं. त्यात चूक सापडली नाही. वीस वर्षांच्या संसारात तिने मला बरोबर ओळखलं होतं, आणि त्याच ओळखीचा उपयोग करून घेतला होता. मेहुण्याचं मी समजू शकलो असतो. त्याला मी पुरता ओळखतच नव्हतो.

त्यावर आम्ही भांडलो नाही. सासरचं येणं-जाणं कमी झालं, मग सणापुरतं उरलं. मेहुणा पुढे दुसरीकडे लागला, कुठे ते मी विचारलं नाही. घरात मात्र एक बदल राहिला. बायकोने मिक्सर दुरुस्तीला समोर ठेवला तरी मी आधी विचारतो, यात काय वाटायचं आहे. ती सांगते. शेंगदाण्याची चटणी, इडलीचं पीठ. खरंच सांगते, आणि सांगताना दुसरीकडे बघते.