शुक्रवारकाकींचा सिनेमा

साताऱ्याच्या टॉकीजला शुक्रवारी नवा सिनेमा लागला की शनिवारी दुपारी तो आमच्या पडवीत लागायचा. पडदा नाही, मशीन नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि सांगायला सुरुवात करायच्या. अख्खं गाव त्यांना शुक्रवारकाकी म्हणायचं. मी सांगलीची, मॅट्रिक झालेली, टॉकीजांच्या गावातली. लग्न होऊन आले तेव्हा मनात म्हटलं, ही बाई काय सिनेमा सांगणार? आणि पहिल्याच शनिवारी हातातल्या शेंगा फोडायच्या विसरून मी तोंड उघडं टाकून बसले.

ही सवय त्यांना लागली आईपायी. माहेर साताऱ्यातच. म्हातारीची दृष्टी गेली होती, सिनेमाचं वेड मात्र गेलं नव्हतं. दर शुक्रवारी जाऊबाई तिला न्हाऊ घालायला एसटीनं जायच्या आणि म्हातारी त्यांना तीनच्या खेळाला पिटाळायची. "तू बगून ये, मग मला दाव," म्हणायची. 'सांग' नाही, 'दाव'. म्हणूनच जाऊबाईंच्या सांगण्यात नायिकेच्या साडीचे काठसुद्धा दिसायचे.

शिस्त मात्र टॉकीजपेक्षा कडक. मध्येच कुणी "पुढं काय हुतं?" विचारलं की, "डोअरकीपरला बोलवू का?" गाणं आलं की, "हितं गाणं हाय. माजा आवाज फाटका, तवर पानी पिऊन घ्या." आणि नायिकेच्या दारात नेमका खलनायक उभा राहिला की पदर झटकून उठायच्या, "इंटरवल! चा टाक गं, सांगलीकरीण." मी धावतच चुलीकडं जायची.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात लढाई झाली. आमच्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. शेजारच्या हौसाचा नवरा सीमेवर होता. दिवाळीपासून त्याचं पत्र नव्हतं. लढाई थांबली तरी नव्हतं. पोरीनं अन्न टाकलं होतं. सासू घास भरवायची, ती तो तोंडात धरून बसायची. आणि नेमका तेव्हाच साताऱ्याला फौजेचा सिनेमा लागला. त्या शुक्रवारी मीही बरोबर होते. शेवटी नायक गोळी लागून पडतो, 'आई' म्हणतो आणि संपतं. मी रडून पदर भिजवला. परतीच्या एसटीतून उतरताना जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "उद्या हौसा येनार."

हौसा आली, शेंगांचं सूप घेऊन अगदी पुढ्यात बसली. सिनेमा रंगत गेला आणि नायकाला गोळी लागली. हौसाचे हात थांबले. जाऊबाईंनी त्या हातांकडं पाहिलं.

"पडला," त्या म्हणाल्या. "समद्यास्नी वाटलं, गेला. पर मागनं त्येचा जोडीदार आला सरपटत, आन घेतला की खांद्यावर!"

मग दवाखाना आला, आगगाडी आली, स्टेशनावर आंधळी आई आली आणि तिनं लेकाला नुसत्या बुटांच्या आवाजावरनं ओळखलं. अगं बाई गं! एवढा सिनेमा होताच कुठं? बसल्या जागी ही बाई तो घडवत होती आणि डोळ्याची पापणी हलत नव्हती. हौसा ओक्साबोक्शी रडली आणि त्या संध्याकाळी आपल्या हातानं जेवली.

मी चुलीपाशी त्यांना गाठलं. "आक्का, असं कुठं होतं?"

"तू मदीच उठून गेलीस काय गं?"

मी चिडले. "आणि तो नाही आला तर?"

त्या भाकरी थापायच्या थांबल्या. "तर त्येचं पाप माज्या डोस्क्यावर. तवर पोरगी जेवंल तरी."

होळीच्या सुमाराला लष्करी दवाखान्यातून पत्र आलं आणि उन्हाळ्यात तो स्वतः आला. काठी टेकत, पण आला! बायकांनी हट्ट धरला, त्याच्यापुढं तोच सिनेमा पुन्हा सांगा. तो उंबऱ्यावर बसला. नायकाला गोळी लागणार, एवढ्यात हौसा कौतुकानं म्हणाली, "ह्यांनी बी बगितलाय, दवाखान्यात दावला हुता."

म्हणजे खरा शेवट त्याला ठाऊक होता. जाऊबाई अडखळल्या. त्यांना सांगताना अडखळलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानं त्यांच्याकडं पाहिलं, मग हौसाकडं. "सांगा की, काकी," म्हणाला. "आमच्याकडं शेवटचं रीळ आलंच न्हवतं. पडतो, तितंच संपला. आज पुरा कळंल."

बायका हळहळल्या, मिल्ट्रीतसुद्धा अशी फसवाफसवी! जाऊबाईंनी शेवटपर्यंत सांगितलं. मग चहा त्यांनी स्वतः टाकला आणि पहिला कप त्याला दिला.

जाऊबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. हौसाचा नवराही गेल्या साली गेला. मध्यंतरी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. हौसा आणि मी शेंगा फोडत बघत होतो. नायक पडला, 'समाप्त' आलं. इतक्या वर्षांनी हिला आता कळलं, या भीतीनं मी तिच्याकडं बघेना.

हौसानं टीव्ही बंद केला. "ह्या टीव्हीवाल्यांकडं बी शेवटचं रीळ न्हाई," म्हणाली आणि सूप माझ्याकडं सरकवलं. "सांगा, ताई. जोडीदार मागनं सरपटत आला, मग?"

मला मेलीला जन्मात कधी सिनेमा सांगता आला नव्हता. मी भिंतीला टेकून बसले आणि सांगायला लागले.