सातशे रिकामे निरोप

वर्षा आडे माझ्याकडे पहिल्यांदा आली ती १२ जून २००५ रोजी, रविवारी. त्या दिवशीची माझी नोंद अशी आहे: ‘मागच्या खोलीसाठी दिग्रसजवळच्या तांड्यावरचे भीमसिंग आडे मुलीला घेऊन आले. मुलगी वर्षा, वय एकोणीस, कॉम्प्युटरचा कोर्स करणार. बोलत नाही. खिडकी उघडताना करकरली, तेव्हा आधी बिजागरीकडे पाहिले.’

दुसऱ्या दिवशी तिने माझ्या शिवणयंत्राच्या डब्यातले तेल मागून घेतले आणि घरातल्या नऊच्या नऊ खिडक्यांच्या बिजागऱ्यांना दिले. यवतमाळातल्या माझ्या घरात पंधरा वर्षे त्या खिडक्या करकरत होत्या. हे गेल्यापासून मी त्या उघडणेच कमी केले होते.

आदल्या दिवशी जाताना भीमसिंग दारात थांबून म्हणाले होते, “काकू, पोरगी हुशार हाय, पण हट्टी हाय. म्हैस पाण्यात बसली का उठत नाही, तशी.”

“बापू, म्हैस कायले काढता मधात?” वर्षा म्हणाली. तिचे माझ्या घरातले पहिले वाक्य हेच.

पुढे ती बोलू लागली आणि थांबेना. संध्याकाळी दिवा लावून झाला की जेवणाच्या टेबलावर मी तिला अर्धा तास इंग्रजी शिकवी. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, उच्चाराच्या बाबतीत कडक. ती बंजारा, घरात गोरबोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. तिच्या इंग्रजीत या तिन्ही भाषा डोकावत. मी टोकले की म्हणे, “काकू, समजलं ना तुम्हाले? मग झालं.” मला ते पटत नसे.

कोर्स झाल्यावर २००८ साली तिला यवतमाळलगतच्या लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा संस्थेत नोकरी लागली. तिथे तिने जे उभे केले त्याला सगळे ‘लाइन’ म्हणत. शेतकऱ्याने एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. शेतकऱ्याला पैसे पडू नयेत म्हणून मशीन स्वतः उलटा फोन करी. मशीन विचारी ते सांगायचे, मग आपल्या आवाजात प्रश्न बोलायचा: कापसाची पाने लाल पडताहेत, बोंडात अळी आहे, काय करू? कृषी पदवीधर असलेला एक सहकारी उत्तर देई, वर्षा ते मराठीत आणि गोरबोलीत रेकॉर्ड करी, आणि दुसऱ्या दिवशी मशीन ते उत्तर त्या माणसाला फोन करून ऐकवी. मशीनमधला आवाज सगळा वर्षाचाच.

आमच्या भागातली ती वर्षे कापसाला फार वाईट गेली. त्याबद्दल पुष्कळ लिहून झाले आहे; मी पुन्हा लिहीत नाही. एवढेच सांगते की वर्षाच्या तांड्यातले पुरुष वेचणीच्या दिवसांतच ऊसतोडीला किंवा बाहेरगावी कामाला जात, आणि उभा कापूस बायकांवर सोडून जात. म्हणून वर्षाला वाटे, ही लाइन आपल्या याडीसाठी आहे. याडी म्हणजे आई. तिच्या आईचे नाव रुपीबाई. रुपीबाईंना अक्षर येत नव्हते, पण पानाचा रंग बदलला की शेताच्या दुसऱ्या टोकावरून कळे.

जानेवारी २०१० मध्ये पत्र आले. लाइनचे मशीन हैदराबादच्या ज्या कंपनीने वापरायला दिले होते, तिथल्या श्रेयस नावाच्या तरुण इंजिनिअरने ते लिहिले होते. भाषा सौजन्याची होती. वर्षभरात अठराशे साठ निरोप आले, त्यातले सातशे रिकामे. लोक फोन लावतात आणि बोलत नाहीत, म्हणजे त्यांना गरज नाही किंवा समजत नाही. एकतीस मार्चला लाइन बंद करण्याचा कंपनीचा विचार आहे. तत्पूर्वी फेब्रुवारीत हैदराबादला तंत्रज्ञानाची एक मोठी परिषद आहे; तिथे वर्षाने सात मिनिटांत आपले काम मांडावे. कंपनीचे प्रमुख समोर असतील आणि ते ऐकून निर्णय घेतील.

वर्षाने पत्र तीनदा वाचले. “सात मिनिटं,” ती म्हणाली. “आमच्याकडं सात मिनिटांत चहाले आधणही येत नाही.”

तिने आयुष्यात कधी स्टेजवर पाय ठेवला नव्हता. मी तिचे भाषण लिहायला घेतले. अठ्ठावीस जानेवारी ते चौदा फेब्रुवारी, रोज दोन तास. ती माहिती सांगे, मी इंग्रजीत बसवी, ती पाठ करी. फक्त एका परिच्छेदावर आमचे भांडण झाले. तिला त्या सातशे रिकाम्या निरोपांबद्दल बोलायचे होते.

“काय बोलणार आहेस? कारण ठाऊक आहे का तुला?”

“नाही ना. तेच सांगायचं हाय. सातशे लोकायनं फोन केला अन् बोलले नाही, काहून? मले रोज तेच सुचून राह्यलं.”

“वर्षा, आम्हाला शाळेत सिस्टर सांगायच्या, रंगमंचावर जाताना उसवलेली शिवण आतल्या बाजूला ठेवावी. जे अकराशे साठ बोलले, त्यांचं सांग.”

मी लाल पेन्सिलीने तो परिच्छेद खोडला. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तिला माझी भीड पडली होती, हे मला तेव्हा कळले नाही.

भीमसिंगांनी अट घातली, परमुलखात पोरगी एकटी जाणार नाही. काकू जात असतील तर जाऊ दे. म्हणून एकाहत्तराव्या वर्षी मी परिषदेला निघाले. १६ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी सहाची बस, पांढरकवड्यावरून आदिलाबाद, तिथून पुढे दुसरी बस. वर्षाच्या मांडीवर लॅपटॉप, माझ्या मांडीवर रुपीबाईंनी दिलेल्या भाकरी आणि ठेच्याचा डबा. वाटेभर ती ओठांतल्या ओठांत भाषण म्हणत होती. निर्मल गावाच्या पुढे तिने विचारले, “काकू, मधात विसरली तर?”

“विसरणार नाहीस.”

“अन् कोणी प्रश्न इचारला तर? प्रश्न तर पाठ नाही केला.”

मी तिला भाकरी दिली.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही लॉजवर पोचलो. काउंटरवरचा माणूस रजिस्टर भरत होता. माझे नाव, गाव, वय त्याने विचारले, मी सांगितले. मग त्याने हिंदीत विचारले, “पतीचे नाव?”

मी त्याच्या हातातले पेन घेतले, रजिस्टर माझ्याकडे फिरवले आणि त्या रकान्यात ‘वामन’ असे लिहून पेन परत दिले. मला त्यात काही विशेष वाटले नाही. बँकेत, दवाखान्यात, रेशनच्या कचेरीत मी हेच करत आले आहे. लग्नात उखाण्यात घेतले असेल तेवढेच. त्यानंतर हे नाव मी तोंडाने उच्चारलेले नाही.

वर्षा माझ्याकडे पाहतच राहिली.

खोलीत शिरताच तिने बॅग पलंगावर टाकली. “काकू, तुम्ही लिहून काहून दिलं? त्यानं तर बोलून इचारलं होतं.”

“सवय गं. आमच्यात नाव घेत नाहीत.”

“इंग्रजी बोलता तरी?”

“इंग्रजीचा काय संबंध?”

“अन् लिहिता नसतं आलं तर?”

“तर गप्प बसले असते,” मी म्हणाले. “शेजारी कोणी असेल तर त्याला म्हटलं असतं, तू सांग.”

ती तशीच खाली फरशीवर बसली. “काकू, माझ्या मशीनचा पहिला प्रश्न काय हाय, माहीत हाय का तुम्हाले? घरधन्याचं नाव सांगा. सरकारी फॉर्मवर पहिला रकाना तोच असते, म्हणून मी तसाच घेतला. माझ्याच आवाजात. अन् बारा सेकंद कोणी बोललं नाही का मशीन फोन तोडते.”

तिचे लग्न झालेले नव्हते. नाव न घेण्याची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नव्हती. आणि तिची याडी तिच्या बापाला काय म्हणून हाक मारते, हे जन्मभर ऐकूनही तिने कधी ऐकले नव्हते.

लॅपटॉपमध्ये ते सातशे निरोप होते. मशीनला शब्द सापडले नाहीत म्हणून त्याने ते वेगळे काढून ठेवले होते. वर्षाने सुरुवातीला त्यातले चार-दोन ऐकून, काही नाही म्हणून सोडून दिले होते. आता आवाज पूर्ण वाढवून आम्ही एकेक ऐकू लागलो. पहिल्यात कोंबडी. दुसऱ्यात वारा, आणि बांगड्या. तिसऱ्यात कुणी हसू दाबते आहे. नंतर पुन्हा बांगड्या. बंजारा बायका दंडापर्यंत बांगड्या भरतात. फोन कानाला लावला की त्या वाजणारच. आम्ही चाळीस निरोप ऐकले. सदतीस बायका होत्या.

“या बायायनं फोन केला,” वर्षा म्हणाली, “अन् मीच त्याईचा आवाज बंद केला.”

मग तिने भाषणाचे कागद काढले आणि माझ्यापुढे धरले. “हे उद्या सांगतो मी. पण मंग चूक माझी, असं साऱ्यायसमोर म्हणावं लागंन. लाइन बंद झाली तर?”

खोडलेला परिच्छेद वरच होता. माझ्या सुबक लाल रेघा मलाच बघवेनात. मी म्हणाले, “मी खोडलं ते चुकलं माझं. तू सांग.”

“इंग्रजीत करून देता?”

मी बसले, दोन ओळी लिहिल्या, आणि थांबले. घरधनी याला इंग्रजी शब्द सापडला. पण ते नाव का घेत नाहीत, हे मी लिहू लागले की एखाद्या परक्या देशातल्या लोकांबद्दल लिहिल्यासारखे होई. “तुझ्या तोंडानेच सांग,” मी म्हटले. “समजलं की झालं.”

परिषद एका मोठ्या हॉटेलात होती. दारात आमच्या गळ्यात निळ्या फितीची ओळखपत्रे घातली. वर्षा कानात कुजबुजली, “काकू, आपल्याले पोळ्याच्या बैलासारखं सजवलं.” आत एवढा गारवा होता की मी शाल पांघरली. तिच्या आधी सहा जण बोलले, सफाईने, हात हलवत. प्रत्येकाला सहाव्या मिनिटाला एक घंटा आणि सातव्याला दुसरी.

वर्षाने पहिली चार मिनिटे माझे इंग्रजी भाषण म्हटले. एकही उच्चार चुकला नाही. आणि ते ऐकताना मला जाणवत होते की हा आवाज तिचा नाही. मग ती थांबली. पडद्यावर सातशे हा आकडा आला. पुढच्या रांगेत बसलेल्या श्रेयसने मान वर केली.

“ये खाली नहीं हैं, सर,” ती म्हणाली. “सुनो.”

सभागृहात तिचाच रेकॉर्ड केलेला आवाज घुमला, घरधन्याचे नाव सांगा. मग टिंग. मग बारा सेकंद. बारा सेकंद म्हणजे किती, हे तीनशे माणसांच्या सभागृहात बसल्याशिवाय कळत नाही. बांगड्या वाजल्या. कोणीतरी श्वास घेतला. लांबून शेळी ओरडली. एक बाई अगदी हळू हसली, पुन्हा बांगड्या वाजल्या, आणि फोन तुटला.

पहिली घंटा झाली. वर्षाने हिंदीत सांगितले: आमच्याकडच्या बायका नवऱ्याचे नाव घेत नाहीत. मी पहिला प्रश्न तोच ठेवला. यांना गरज नव्हती असे नाही. मी यांना दारातच अडवले. माझ्यासोबत आलेल्या काकू इंग्रजी शाळेत शिकल्या आहेत, काल त्यांनीही नाव लिहून दिले, तेव्हा मला कळले.

तीनशे डोकी वळली असतील. मी शालीचे टोक नीट करत बसले.

कंपनीच्या प्रमुखांनी विचारले, “तो प्रश्न कोणाच्या आवाजात आहे?”

“माझ्या.”

“म्हणजे चूक मशीनची नाही.”

“नाही, सर. माझी. मशीनला जे सांगितलं ते त्यानं केलं.”

दुसरी घंटा झाली. ती उतरली आणि माझ्या शेजारी बसून तिने माझा हात घट्ट धरला. “गेली वाट्टे लाइन,” ती म्हणाली.

पत्र यायला नऊ दिवस लागले. २६ फेब्रुवारी, शुक्रवार. मीच पेटी उघडली, पण पाकीट तिला फोडू दिले. श्रेयसने लिहिले होते की पहिला प्रश्न बदलावा, आणि लाइन पुढचा संपूर्ण हंगाम चालू राहील. त्यानंतर पाहू. खाली त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिले होते: ‘मी घरी आईला विचारले. तीही घेत नाही.’

वर्षाने सातशे नंबर एकेक करून फिरवायला घेतले. सभागृहात ऐकवलेला निरोप सुखीबाई नावाच्या बाईचा निघाला, पुसदच्या बाजूच्या तांड्यावरची. वर्षाने तिला विचारले, सप्टेंबरात तुम्हाला काय विचारायचे होते?

“आता कायले इचारून राह्यली, बाई?” सुखीबाई म्हणाली. “पानं लाल पडली होती. कापसाची पऱ्हाटी उपटून झाली.”

वर्षाने फोन ठेवला आणि त्या संध्याकाळी ती जेवली नाही. अशा चाळीस जणी असतील, शंभर असतील. त्यांचे ते वर्ष गेलेच.

नवा प्रश्न तिने माझ्या टेबलावर बसून रेकॉर्ड केला: तुमचं स्वतःचं नाव सांगा. बस, एवढाच. मी खिडक्या बंद करू लागले तर म्हणाली, “राहू द्या, करकरत तर नाहीत.”

ऑगस्टच्या एका दुपारी तिने लोहाऱ्याहून मला फोन केला आणि रिसीव्हर मशीनला लावला. आधी टिंग. मग बांगड्या. मग एक मोठा, खणखणीत आवाज, शेतापलीकडे हाक मारावी तसा: “सुखीबाई!” थोडे थांबून पुन्हा, “सुखीबाई हरिसिंगची... आत्ता गं, नावच घेतलं!” मग खळखळून हसणे, आणि फोन तुटला.

“प्रश्न विचारलाच नाही तिने,” मी म्हणाले.

“थांबा, काकू,” वर्षा म्हणाली. “लगेच तिचाच दुसरा फोन आला हाय.”