साडूंनी पाडलेले अवयव

भरल्या पानावरून माणसाला उठवील असा अख्ख्या ठाण्यात एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका माझा साडू निघावा हे माझं प्राक्तन. टेंभी नाक्याजवळ राहायचे, शाळेत बीजगणित शिकवायचे. दोन अक्षरांची वर्गराशी दिसली की तिचे अवयव पाडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. आमच्याकडे जेवायला आले की आमटीत बोट बुडवून केळीच्या पानावर राशी लिहीत आणि मला म्हणत, "मधलं पद फोडा बघू." मी कचेरीतला कारकून; मला कसलं फुटतंय? आमटी मात्र निवून जाई.

माझ्या थोरल्या मुलीसाठी कल्याणचं स्थळ आलं, तेव्हा "त्यांना नेऊ नका" असं आमच्या हिनं परोपरीनं सांगितलं होतं. पण हिच्याच थोरल्या बहिणीचे, आक्कांचे यजमान, टाळणार कसं? तिथं जाऊन साडूंनी ना गोत्र विचारलं ना पत्रिका. पाटी मागवली आणि मुलापुढे लिहिलं : यचा वर्ग, अधिक यर, अधिक रचा वर्ग. "पाडा अवयव."

मुलगा मॅट्रिकच्या वर्गातला. लिही, पूस, पुन्हा लिही. पोहे गारठले. शेवटी त्याचे वडील मला म्हणाले, "आम्ही मुलगी करून घ्यायची, की इथं परीक्षेला बसायचं?" मी मान खाली घातली. स्थळ गेलंच म्हणायचं.

इतक्यात मुलगा पाटी खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, हिचे अवयव पडत नाहीत. सगळं करून पाहिलं."

"नाहीच पडत," साडू म्हणाले. "वर्गात कुणालाही घातली, तर काहीतरी खोटं रचून आणतात. हा मुलगा खरं बोलला. मुलगी द्या."

वडिलांचा चेहरा उजळला. लग्न झालं. मुलगी सुखात आहे, आणि हे मला साडूंसमोर दर दिवाळीला कबूल करावं लागतं.

गेल्या साली आक्का गेल्या. दिवसकार्य उरकल्यावर एका सकाळी मी साडूंकडे गेलो. ओसरीवर नुसते बसले होते. आयुष्यात पहिल्यांदाच मी आपणहून म्हणालो, "एखादी राशी घाला."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला येत नाही हो," ते म्हणाले, आणि जरा सरकून मला शेजारी जागा करून दिली.