आबांचा डिझेलचा कॅन

मंडळी, आज मी आत्या झाले आणि तुम्हाला कधी एकदा सांगते असं झालंय.

आमच्या तासगावकडच्या गावात बाळंतपणाला सरकारी दवाखान्यात जाताना कपड्यांच्या पिशवीबरोबर तिथल्या जनरेटरसाठी डिझेलचा कॅन न्यायची जुनी सवय आहे. वहिनीला नेलं तेव्हा माझ्या वडिलांनी, आबांनीही नेला.

दुपारी लाईट गेली. जनरेटरची धडधड ऐकू येईना, तसे आबा कॅन उचलून धावले.

सिस्टर हसल्या. "आवं आबा, जनरेटर कवाच काढला. आता छतावर सोलर हाय. आत समदे दिवे चालू हायत."

तेवढ्यात बाळाचं पहिलं रडणं थेट व्हरांड्यापर्यंत आलं.

आबा कॅन खाली ठेवून माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या टायमाला त्या धडधडीत मला हे ऐकूच आलं न्हवतं गं."

तुमच्या दवाखान्यात लाईट गेल्यावर काय ऐकू येतं?