डाव्या रेषेवरची टाच

गावात कुणी पाहुणा आला की माझ्याकडं बोट करून सांगतात, हे आमचे कबड्डीचे जुने कप्तान, यांनी संघासाठी कंपनीची नोकरी सोडली. मला ते ऐकवत नाही. मी कुणासाठी काही सोडलेलं नाही. जे झालं ते वेगळं होतं, आणि ते मीच लिहिलेलं बरं. चौथीपर्यंत शिकलोय. शुद्ध-अशुद्ध ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

आमचं गाव मुळशी धरणाच्या अंगाला. भात झोडून झालं, पेंढा रचून झाला, की खाचरं मोकळी पडायची. त्यातलं एक सपाट खाचर आम्ही ढेकळं फोडून, पाणी मारून, चोपून मैदान करायचो. मग चैत्रापर्यंत गावोगावच्या जत्रा आणि प्रत्येक जत्रेत कबड्डी. हाच आमचा मोसम. मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. समोरचा चढाईला आला की त्याच्या घोट्यावर झडप घालायची, हे माझं काम. चढाईला आमच्याकडून जायचा तो माझा मेहुणा, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पलीकडच्या वाडीतला. अंगानं काटकुळा, पण पायात वारं.

मला तो दाजी म्हणायचा आणि माझी टर उडवायचा.

“दाजी, तुमी आपलं कोपऱ्यात म्हशीवानी बसा. पाय आला की धरा. पळायचं काम आमचं.”

“म्हशीला शिंगं असत्यात, पाव्हणं. कधी तरी माझ्याम्होरं चढाईला ये, मंग दावतो.”

“तुमच्याम्होरं कशाला येऊ? माझी भन रांडकी करायची हाय का मला?”

माझी बायको हे ऐकून तोंडाला पदर लावून हसायची. हसताना ती अगदी त्याच्यासारखी दिसायची.

आदल्या वर्षी तालुक्यातल्या एका मोठ्या गावानं आमचा एक खेळाडू ऐन जत्रेत फोडून नेला होता. तो त्यांच्याकडून आमच्याविरुद्ध खेळला आणि आमचेच डाव आमच्यावर उलटवून गेला. ते माझ्या जिव्हारी लागलं होतं. म्हणून या मोसमाच्या आधी मी बाकीच्या सहाही जणांना खंडोबाच्या देवळात नेलं आणि बेलभंडार उचलायला लावला. बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन देवासमोर बोललेला शब्द आमच्याकडं मोडत नाहीत. शब्द माझाच होता: गावाचं नाव सोडून दुसऱ्याच्या नावानं मैदानात उतरणार नाही. माझ्यासकट सातांनी तो म्हटला, गुरवानं प्रत्येकाच्या कपाळाला भंडारा लावला. मेहुणा सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला होता. घंटासुद्धा त्यानंच वाजवली.

मोसमाची सुरुवात वाईट झाली. पौडला पहिल्याच सामन्यात आम्ही सपाटून हरलो. प्रत्येकजण आपापला पराक्रम दाखवायला गेला होता. मग मी रोज संध्याकाळी त्यांना एकमेकांचे हात धरून मैदानात मागं-पुढं चालायला लावलं. नुसतं चालायचं. बोलायचं नाही. पोरांनी वैताग केला. “वरात काढतुया का मिरवणूक?” असं एकजण म्हणाला. पण आठ-पंधरा दिवसांत साखळी अशी जुळली की शेजारच्याचा दम कधी संपतोय ते मनगटातून कळायला लागलं. त्यानंतर कासारसाईला जिंकलो, भुकूमला जिंकलो, माळेगावच्या जत्रेत तर ज्यांनी आमचा माणूस फोडला होता त्यांनाच हरवलं. त्या दिवशी मेहुण्यानं त्यांच्या संघातले सगळे बाद करून परत येताना मध्यरेषेवर कोलांटी मारली. मी त्याला शिव्या दिल्या, मैदानात माकडचाळे करायचे नाहीत म्हणून. आतून मी इतका फुगलो होतो की सदऱ्याची बटणं तुटायची.

शेवटचा सामना हिंजवडीच्या माळावर. समोर पिंपरीकडच्या एका कंपनीचा संघ. ते खेळाडू म्हणजे खेळायचा पगार घेणारे. दुपारपर्यंत कामाला, पुढं सराव. सगळ्यांचे बनियन एका रंगाचे. आमच्यात तर दोघांच्या चड्ड्यासुद्धा एका रंगाच्या नव्हत्या. तरी आम्ही त्यांना शेवटपर्यंत मोकळं सोडलं नाही. त्यांचा उंच चढाईवाला माझ्या कोपऱ्याकडं आला की मी त्याला जमिनीवर घेत होतो, आणि उठताना तो माझ्याकडं असा बघायचा की याला कुणी शिकवलं असेल. थोडक्यात हरलो. पण माळावरचे लोक कंपनीच्या नावानं नाही, आमच्या गावाच्या नावानं ओरडत होते.

लावणीच्या दिवसांत कंपनीची जीप आली. चिखलात गुडघाभर उभा राहून मी साहेबाशी बोललो. पावसाळ्यात कबड्डी बंद असते, आणि कंपन्या त्याच दिवसांत आपले संघ नव्याने बांधतात, हे मला तेव्हा कळलं. जुने काढतात, नवे घेतात. जसं आपण बैलबाजारात करतो तसंच.

“तुमच्यातले चारजण हवेत मला,” साहेब म्हणाला. “तुम्ही, तुमचा तो काटकुळा चढाईवाला, आणि मधले दोघे. आधी टेम्पररी घेऊ. चांगलं खेळलात की कायम.”

“आन् बाकीचं तीन?”

“बाकीचे माझ्याकडं आहेत.”

मी म्हणालो, आम्ही सातजण बेलभंडार उचललाय. साहेबाला ते कळलं नाही. तो म्हणाला, विचार करून कळवा, श्रावणात निवड आहे.

मेहुणा त्याच संध्याकाळी आला. भिजलेलं घोंगडं दारात टाकलं आणि ओसरीवर बसला. बहिणीनं दिलेला चहा त्यानं बशीत ओतला, पण प्यायला नाही.

“दाजी, मला जायचंय.”

“शपथ हाय.”

“तुमच्याकडं खाचरं हायेत. आमची धरणात गेली. आजा गेला, बाप गेला, दुसऱ्याच्या बांधावर राबून. मला एवढंच येतं, पळायला. ते घेनारा कोन तरी दारात आलाय.”

“मंग जा की. मी बांधून ठेवलंय का?”

“खंडोबानं ठेवलंय,” तो म्हणाला. “तुमीच बांधायला लावलंत.”

बाकीचे दोघं शपथ मोडायला तयार होते. एक म्हणाला, देवाला काय कबड्डीतलं कळतंय. पण मेहुणा नाही. तो देवभोळा होता. शपथ मोडून गेला असता तर पहिल्याच चढाईत त्याचा दम तुटला असता, हे मला ठाऊक होतं. त्याला शपथ घेऊन राहता येत नव्हतं आणि मोडून जाता येत नव्हतं. जेवण सुटलं. वाडीतून त्याची आई माझ्या बायकोकडं येऊन रडून गेली. बायको ताट आपटून ठेवायला लागली.

शेवटी मी गुरवाकडं गेलो. म्हातारा देवळाच्या पायरीवर वाती वळत बसला होता.

“उचलल्याला भंडारा सुटत न्हाई,” तो म्हणाला. “पर एकाच्या माथी ठेवता येतो. सातांचा शब्द एकानं सांभाळायचा. मंग बाकीचं मोकळं. त्येला मातुर जनमभर पाळावा लागतुया.”

सगळ्यांना देवळात बोलावलं. गुरवानं विचारलं, कोण सांभाळणार. कुणी छताकडं बघत होतं, कुणी पायाच्या अंगठ्याकडं. ज्या तिघांना कंपनीनं विचारलंच नव्हतं, त्यांनी तरी पुढं यावं असं मला वाटलं. पण त्यांनाही वाटत होतं की पुढच्या साली जीप आपल्यासाठी येईल. मेहुणा कुणाकडं न बघता माझ्याकडं बघत होता.

मला जायचं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्या उंच माणसाच्या शेजारी त्या रंगाचा बनियन घालून उभं राहायचं होतं, आणि सगळ्या जिल्ह्याला दाखवायचं होतं की घोटा कसा धरतात. पण शब्द माझा होता. ज्यानं बांध घातला, त्यानंच तो राखावा. मी हात पुढं केला. गुरवानं बाकीच्यांच्या कपाळाला पुन्हा भंडारा लावला, मग प्रत्येकाचा बोटानं उचलून माझ्या कपाळाला लावला. सहा बोटं.

देवळाबाहेर मेहुणा माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला दंडाला धरून उठवलं. “हिथं कशाला वाकतोस? तिथं जाऊन घोटं संभाळ. माझ्यासारखे लई असत्यात.”

तो गेला, मधले दोघं गेले. दिवाळीनंतर आणखी एक तळेगावकडं दुसऱ्या कारखान्यात लागला. उरलो तिघं. तिघांचा संघ होत नाही. गावात नवी पोरं होती, पण साखळी धरायला बोलावलं की लाजायची. त्या साली भात झोडून झाल्यावर खाचरातली ढेकळं तशीच राहिली.

मेहुण्याचं नाव मात्र कानावर यायचं. एसटीतून येणारा-जाणारा सांगायचा, तुमच्या पाव्हण्यानं अमक्या गावाला मैदान गाजवलं, तमक्या गावाला डोक्यावर घेतलं. अजून तो टेम्पररीच होता. हा मोसम चांगला गेला तर साहेब कायम करणार होता. माझ्या जागी कंपनीनं कुठला तरी दुसरा डावा कोपरा घेतला होता. मी त्याबद्दल कधी विचारलं नाही.

चैत्रात आमच्या गावची जत्रा आली. गावाचा संघ नव्हता म्हणून गावच्या पंचांनी कंपन्यांचे दोन संघ बोलावले. माणसं ते बघायला लोटली. मैदान मी आखलं, रेषांवर पांढरी फक्की मी टाकली. मग म्हणाले, डाव्या रेषेवर तुम्हीच बसा, खेळाडू रेषेबाहेर गेला की हात वर करा. मी विचार केला, दुसऱ्याच्या नावानं खेळायचं नाही असा शब्द आहे, बसायचं नाही असा नाही. बसलो.

कंपनीची बस आली. मेहुणा त्या रंगाच्या बनियनमध्ये उतरला, पाठीवर आकडा. अंग भरलं होतं. माझ्याजवळ येऊन म्हणाला, “काय दाजी, औंदा म्हस कोपरा सोडून रेषेवर आली?”

“तुला बघायला आली. भनीनं कोंबडं शिजवलंय. खेळ आटपला की जेवायला ये.”

“येतो. आज जिंकलो की साहेब कायम करतोय. सही करूनच जेवतो.”

सामना शेवटी बरोबरीत आला. चढाई त्याची. दम घालत तो माझ्याच बाजूनं आत शिरला. एकाला हात लावला, वाकला, मागं पाय टाकून दुसऱ्याला शिवलं आणि रेषेच्या कडेकडेनं वळला. ते वळण त्यानं आमच्या खाचरात गिरवलं होतं, डोळे मिटून मला ते येत होतं. वळताना त्याची डावी टाच फक्कीच्या पलीकडं गेली. बोटभर. पलीकडच्या चोपलेल्या मातीत ती टेकली आणि ठसा उमटला.

माझा हात वर गेला. मी वर केला असं म्हणत नाही, गेला.

शिट्टी वाजली. तो मध्यरेषेला पोचून दोन्ही हात वर करून उभा होता. पंचानं बाद दिलं. पुढच्या चढाईत समोरच्यांनी आणखी एक गडी टिपला आणि मेहुण्याची कंपनी हरली.

लोक उठले. “घरचा भेदी!” कुणी तरी ओरडलं. “मेव्हण्याचं बरं बघवंना व्हय रे!” मी वाकून ठसा दाखवायला गेलो, हे बघा म्हणून. तोवर माणसं मैदानात घुसली होती. शेकडो पायांखाली रेषाच उरली नाही, ठसा कुठला.

मेहुणा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धापा टाकत होता.

“टाच रेषेवर व्हती, दाजी. पलीकडं न्हवती.”

“पलीकडं व्हती.”

“तुमी मला सोडवलं आसं मी समजत व्हतो.” त्याचा आवाज फार खाली गेला होता. “तुमी न्हाई सोडलं. वरीसभर धरूनच व्हता.”

“पलीकडं व्हती,” एवढंच मी पुन्हा म्हणालो. तो बसकडं चालू लागला. मी हाक मारली नाही. हाक मारणं माझ्या स्वभावात नाही.

त्या पावसाळ्यात कंपनीनं संघ पुन्हा बांधला, आणि त्यात तो नव्हता. भोसरीच्या एका छोट्या कारखान्यानं त्याला घेतलं, तिथून दुसऱ्यानं, आणि पुढं गुडघा गेल्यावर कुणीच नाही. एका गोदामावर राखणदार झाला. वाडीतून आईला नेलं, मुलांची लग्नं तिकडंच केली. आमच्या जत्रेला पुन्हा आला नाही. बहिणीला भाऊबीजेला भेटायचा, पण ती तिकडं गेली तर. माझ्या दारात नाही.

जत्रेच्या त्या संध्याकाळी बायकोनं ताट वाढून ठेवलं होतं. अंधार पडल्यावर तिनं ते झाकलं आणि मला विचारलं, “टाच खरंच पलीकडं व्हती?”

“व्हती.”

तिनं पुन्हा विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी तिचा भाऊ वारला, त्याच्या दहाव्याला आम्ही दोघं गेलो होतो. घाटावर कावळा शिवेना. त्याची पोरं एकेक इच्छा बोलून बघत होती, घर पुरं करतो, आईला संभाळतो. कावळा येईना. तेव्हा सगळ्या माणसांदेखत बायको माझ्याकडं वळली आणि म्हणाली, “तुमी तरी म्हना की. रेषेवरच व्हती म्हना.”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी पिंडासमोर जाऊन उभा राहिलो, हात जोडले. तोंड उघडलं. पण ते माझ्यानं म्हणवलं नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, आणि आम्ही परत आलो.

येताना एसटीत ती खिडकीशी बसली आणि मी तिच्याशेजारी. पौड येईपर्यंत तिनं तोंड आत वळवलं नाही.