दादाच्या नावाचं वॉरंट

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. त्यामुळे आमच्याकडे चांगल्या घरच्या माणसाचंही नाव केव्हातरी ठाण्याच्या वहीत चढतं. माझं चढलं नाही. माझ्या जागी दादाचं चढलं, आणि ते मी चढवलं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. मित्राच्या लग्नासाठी जिल्ह्याबाहेरच्या बुटीबोरीहून दारूच्या दोन बाटल्या पिशवीत घालून येत होतो. केळझरच्या अलीकडे पोलिसांनी एसटी थांबवली. माझं डी.एड. झालं होतं, शाळेच्या नेमणुकीचा कागद यायचा होता. हवालदारानं नाव विचारलं, मी दादाचं सांगितलं. जराही अडखळलो नाही. दादा गावात आटाचक्की चालवायचा. त्याचं काय बिघडणार, असं वाटलं. जामिनावर सुटताना सहीसुद्धा त्याच्याच नावानं केली. पुढे तारखेला गेलो नाही. नेमणूक झाली आणि मी मास्तर झालो.

काही वर्षांनी आमच्या गावचे पोलीस पाटील निवृत्त झाले. दादानं अर्ज केला. गावातली निम्मी भांडणं तशीही चक्कीवरच मिटायची.

“लेखी पास झालो बे!” तो म्हणाला. “आता ठाण्यातून चारित्र्याचा दाखला आला का झालं. माह्यात काय सापडन त्याइले, पिठाशिवाय?”

सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तालुक्याच्या कोर्टात गेलो. आवारात एका वकिलाचे मुन्शी टेबल मांडून बसले होते.

“वॉरंट हाय का नाई, ते पाहाचं होतं.”

“कोणाचं?”

“माह्या भावाचं.”

“सगळे भावाचंच पाह्याले येतात,” मुन्शी म्हणाले. “मांगच्या हप्त्यात एक जण आपल्या बायकोच्या नवऱ्याचं पाह्याले आलता.”

नाव, गाव, साल लिहून घेऊन ते आत गेले. अर्ध्या तासानं आले.

“हाय. पकड वॉरंट. तीनदा गेलतं, तीनदा वापस. मिळून आला नाई म्हणते.”

मला तेव्हाच कळलं. जुन्या पोलीस पाटलांनी हवालदाराला गावाबाहेरूनच परत पाठवलं असणार, हा माणूस दारूला शिवत नाही, नावात काहीतरी घोळ आहे, असं सांगून. दादाच्या कानावर त्यांनी घातलंही नसेल.

“आता काय कराचं?”

“भावाले आणा. कबूल म्हणाचं, दंड भराचा, वॉरंट रद्द. दारूबंदीत अर्धा तालुका असाच मोकळा झाला.”

“आजच होते का?”

“होते न. भाऊ कुठी हाय?”

“मीच तो,” मी म्हणालो.

मुन्शींनी मला वरून खाली पाहिलं. “मंग शर्टाची बटनं लावा.”

शिपायानं दादाचं नाव पुकारलं. मी आत जाऊन उभा राहिलो. साहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे? मी म्हणालो, कबूल आहे. पुन्हा दादाच्या नावानं सही केली, दंड भरला. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं आटोपलं. बाहेर येऊन चहा घेतला, आलुबोंडा खाल्ला. खोटं कशाला सांगू, दादाची वाट मोकळी केली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. पोरांना नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या मला एवढं सुचलं नाही की वॉरंट गेलं, पण त्या जागी शिक्षा बसली, आणि तीही दादाच्या नावावर.

महिनाभरात पत्र आलं. दारूबंदी कायद्याखाली शिक्षा झाल्यानं निवड रद्द.

“कोण्या भलत्या माणसाचं हाय हे,” दादा म्हणाला. “कोर्टात जाऊन कागद पाह्यतो.”

“जाऊ दे न दादा. नावासारखं नाव असन. कायले कोर्टाच्या पायऱ्या चढतं?”

मी शिकलेला, म्हणून त्यानं ऐकलं. गावानं मात्र सोडलं नाही. दळण घ्यायला आलेले विचारायचे, “गव्हात काय मिसळता हो मालक? पोळी खाल्ली का झोकांड्या जातात!” दादा हसून घ्यायचा. मग हळूहळू त्यानं हसणं बंद केलं. भांडणं चक्कीवर येईनाशी झाली.

हे मी चार वर्षं पाहिलं. मग एका दुपारी चक्कीवर गेलो, पट्टा थांबेपर्यंत उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. पहिल्यापासून.

दादा बराच वेळ डबे सरकवत राहिला.

“पहिल्या खेपेले भेव होतं तुले,” तो म्हणाला. “समजलं. दुसऱ्या खेपेले काऊन?”

“दुसऱ्या खेपेले वाटलं, तुहं काम करून राह्यलो.”

“मले एकदा इचारलं असतं तं?”

त्यानं वहीतला कागद फाडला, हात पुसले आणि कागद माझ्यासमोर ठेवला. “कोर्टाले अर्ज लिही. जसं झालं तसं.”

“नोकरी जाईन माही.”

“जाईन,” तो म्हणाला.

मी लिहिलं. एसटी, हवालदार, दोन्ही सह्या. शेवटी लिहिलं की माझ्याकडून ही चूक झाली. दादानं सगळं सावकाश वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

“याले चूक म्हणतं का तू?”

मी ती ओळ खोडली. लिहिलं, हे मी केलं. खाली माझं नाव घातलं.