मोठेच पोरं पायजेत

घर भाड्याने देणाऱ्यांना लहान मुलं चालतात, म्हातारे चालतात, एखादं कुत्रंही चालतं. चालत नाहीत ती फक्त मोठी झालेली मुलं. अमरावतीत तीन महिने लोकांचे उंबरे झिजवल्यावर मला हे कळलं. आमची मुलगी सव्वीस वर्षांची, एका लॅबमध्ये नोकरीला, मुलगा तेवीसचा. जुन्या मालकाला घर स्वतःसाठी हवं होतं. नवे मालक हौसेने खोल्या दाखवायचे, मग मुलांची वयं विचारायचे आणि चेहरा पाडायचे. "लग्नाची पोरगी, त्यात जवान पोरगा. मित्र येतीन, गाड्या लागतीन. नाई जमत, भाऊ." एकाला मी चिडून विचारलं, पोरं लहान करून आणू का? त्याने दार लावून घेतलं.

ज्यांना मुलं चालायची त्यांचं भाडं आम्हाला झेपत नव्हतं. झेपायची ती एक खोली आणि स्वयंपाकघर. मुलीने कपडे बदलायला कुठे जायचं? शेवटी मुलगी होस्टेलवर, मुलगा मित्रांकडे आणि आम्ही दोघं एका खोलीत, इथवर बोलणं आलं. बायको म्हणाली, पोरीचं लग्न होईपर्यंत तरी चौघं एका छपराखाली राहू. तिला दुसरं काही नको होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

तेवढ्यात मुलाला अकोल्याच्या एमआयडीसीत काम मिळालं, मुलीनेही तिथलीच एक लॅब धरली. मग आम्ही अकोल्यात घर शोधू लागलो. एका जुन्या लेआउटमध्ये साठी ओलांडलेल्या एका काकूंचं दोन मजली घर होतं. त्या खाली एकट्या राहायच्या, वरचा मजला रिकामा होता. आम्ही बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "पोरं केवढे हायेत?" मी खोटं बोलायच्या तयारीत होतो, पण बायकोने खरं सांगून टाकलं.

"सव्वीस अन् तेवीस," काकू स्वतःशीच म्हणाल्या. "जमते. मले मोठेच पोरं पायजेत."

भाडं त्या भागातल्या भाड्याच्या निम्मं होतं. स्वस्त वस्तू दहादा उलटून बघायची माझी सवय, पण त्या दिवशी मी एक शब्द विचारला नाही.

वरच्या तीनपैकी दोन खोल्यांत दोन लोखंडी पलंग आधीच होते. "पोरगा समोरच्या खोलीत झोपन, पोरगी मागच्या," काकूंनी ठरवूनच टाकलं. मुलाने पलंग खिडकीपाशी सरकवला. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाहेरून आलो तर पलंग पुन्हा भिंतीला लागलेला. मुलगा हसला, मला हसू आलं नाही. काकूंकडे वरच्या दाराची एक किल्ली होती, हे माहीत असूनही मी विषय काढला नाही. हे घर गेलं असतं तर आमची पुन्हा पांगापांग झाली असती.

जिना बाहेरून, लोखंडाचा. त्यावर कोण चढतंय हे काकूंना पावलांवरून कळायचं. संध्याकाळी त्यांची खिडकी उघडी असायची. मुलगी यायची, मुलगा यायचा, दोघांची पावलं वर पोचली की खिडकी मिटायची. एक दिवसही यात चूक झाली नाही. बायको म्हणायची, माया आहे. मला मात्र ती पाळत वाटायची.

भाद्रपदात एका शनिवारी काकू जिन्याखाली उभ्या राहिल्या. "उद्या पोरायले जेवाले पाठवजा. दोघायलेच." मी हो म्हणालो.

इथेच चुकलो. आमच्या वऱ्हाडात पितृपक्षात गेलेल्या माणसाच्या जागी बाहेरच्या कुणाला तरी जेवायला बसवतात. मी स्वतः माझ्या गावी, मोर्शीत, दहा घरी असा बसलो आहे. पण आमंत्रण आलं की आधी विचारायचं असतं, पित्र कोणाचं? भाड्याच्या उपकाराने माझी जीभ दबली होती आणि पंधरवडा सुरू आहे हे डोक्यातच नव्हतं.

रविवारी दुपारी मुलं खाली गेली. थोड्या वेळाने खिडकीतून पेटत्या गोवरीवर सोडलेल्या तुपाचा वास आला. हा वास पित्राच्या जेवणाचा. मी धडधडत जिना उतरलो.

आतल्या खोलीत मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. दोन पाट, दोन ताटं. माझ्या मुलांच्या कपाळाला गंध. त्यांच्यामागे भिंतीला टेकवलेले दोन फोटो, हार घातलेले, एक तरुण मुलगी आणि एक तरुण मुलगा. माझा मुलगा त्यांच्याकडे पाठ करून मजेत वडे खात होता. मुलीने मात्र सगळं पाहिलं होतं. तिचा हात ताटात थांबला होता.

"काकू, माये जिते लेकरं हायेत!" मी ओरडलो. "सांगाचं तरी होतं!"

खीर वाढणारा हात थांबला. "सांगतलं असतं तं पाठवले असते काय तुमी?"

मी पुन्हा त्या दोन फोटोंकडे पाहिलं.

"अमरावतीहून येऊन रायले होते, एकाच गाडीवर," काकू म्हणाल्या. "घरी आलेच नाई."

मी मुलीचा दंड धरला. तिने तो हळूच सोडवला. "बाबा, भरल्या ताटावरून उठू नये," ती म्हणाली आणि वाटी पुढे केली. "काकू, खीर वाढा."

जेवण झाल्यावर काकू दोघांना जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मुलं चढू लागली. काकू मान कलती करून ऐकत राहिल्या. वरचं दार वाजलं तशा त्या खालच्या पायरीवर बसल्या.

"दरसाली कोणाले तरी जेवू घालतो," त्या म्हणाल्या. "जेवतेत अन् फाटकातून निंघून जातेत. वरतं कोणी जात नाई."

आम्ही घर सोडलं नाही. अजूनही संध्याकाळी मुलांना उशीर झाला की खाली काकू खिडकीत उभ्या असतात आणि वर मी. एकमेकांना आम्ही दिसत नाही. जिना वाजतो, मग दोन्ही खिडक्या मिटतात.

गेल्या महिन्यात मुलीचं लग्न ठरलं. खाली जाऊन हे काकूंना सांगायला आमच्यापैकी कुणाचाही पाय उचलत नाही.